पाखरांसाठी ठेवलेलं फळ

ताहिरा आपा,

रविवारचा पेशावरचा फोन मी केला. तुम्ही गेल्याचं तिकडे कुणीतरी कळवायला हवं होतं आणि तुमच्या यजमानांच्या, करीमसाहेबांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्या फोनवर काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण एकदम शेवट सांगितलेला तुम्हाला कधी चालला नाही. तेव्हा सुरुवातीपासून सांगते.

वाचणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट. तुमचं नाव ताहिरा नव्हतं. तुमच्या दोन मैत्रिणींची नावंही मी बदलली आहेत. ज्यांचं घर अजून काबूलमध्ये आहे त्यांचं खरं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही, हा तुमचाच नियम होता. तो मी मोडलेला नाही.

आपली ओळख ओसाकाच्या वॉर्ड ऑफिसात वरच्या मजल्यावर चालणाऱ्या फुकट जपानी वर्गात झाली. नवऱ्याच्या कंपनीने इकडे पाठवलं म्हणून मी नुकतीच आले होते. शिकवणाऱ्या बाई एकेकीला विचारत होत्या, तुम्ही काय काम करता? आम्ही बायका ओळीने सांगत गेलो, ‘शुफु देस’, गृहिणी आहे. तुमची पाळी आली. डोक्यावरचा रुमाल सारखा करून, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा उच्चारत तुम्ही म्हणालात, “लेखिका आहे.”

बाई कौतुकाने हसल्या. “वा! म्हणजे छंद का?”

“नाही,” तुम्ही म्हणालात. “काम.”

जिना उतरताना मी मागून आमच्या परभणीकडच्या हिंदीत विचारलं, “आपा, आप सचमुच लिखते क्या?”

तुम्ही पायरीवर थांबून वळलात. “ही कुठली उर्दू?”

“सेलूची.”

“माझी पेशावरची. बरं झालं, दोन्ही बिघडलेल्या. कुणी कुणाला हसायला नको.”

तुम्हाला ते कधी सांगितलं नाही, पण त्या दिवशी मी घरी उडतच गेले. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. वडील सायकली दुरुस्त करायचे आणि सही म्हणून अंगठा उठवायचे. सेलूच्या कॉलेजात एकदा एक लेखक आले होते तेव्हा त्यांना पाणी द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. तो तांब्या धरून मी इतकी आखडून उभी होते, की पाणी द्यायचंच राहिलं. आणि इथे एक लेखिका माझ्याबरोबर जिना उतरत होती, कांद्याच्या पातीचा भाव बघत होती, “ही जुडी अर्धी अर्धी घेऊ या का?” विचारत होती.

मग मी तुमच्या घरी यायला लागले. बंदराजवळची ती जुनी इमारत, वाफेने ओली होणारी स्वयंपाकघराची खिडकी, वेलची घातलेला हिरवा चहा. करीमसाहेब काबूलमध्ये रस्ते बांधणारे इंजिनियर होते. इथे जुन्या गाड्या कंटेनरमध्ये भरायच्या यार्डात कामाला जायचे आणि संध्याकाळी हाताचा ग्रीसचा वास जाईपर्यंत नळाखाली उभे राहायचे. खिडकीसमोर शेजारच्या मोरितासानचं घर आणि त्यांचं काकीचं, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या गोड जपानी फळाचं झाड. पानं गळून गेली की नुसत्या काळ्या फांद्यांवर नारिंगी फळं लटकायची. मोरितासान ती उतरवून पिशवी भरून तुम्हाला द्यायच्या. पण सगळ्यांत वरचं एक फळ त्या कधी काढत नसत. तुम्ही त्यांना विचारलंत. त्या म्हणाल्या, ते पाखरांसाठी. आणि झाडाने पुढच्या वर्षी परत फळावं म्हणून. हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत, की शेवटी मी म्हणाले, “आपा, आमच्याकडेही पाखरांसाठी ज्वारीची कणसं टांगून ठेवतात.” तुम्ही जरा हिरमुसलात. तो शोध तुम्हाला एकटीचा हवा होता.

तुमच्या कामाची रीत मला त्याच खिडकीशी कळली. तुम्ही, हबीबा आणि गुलालई. तिघी एका शाळेत शिकवायच्या, तिघी लिहायच्या. काबूलवर रॉकेटं पडायची त्या वर्षांत तळघरात बसून एकमेकींना गोष्टी वाचून दाखवायच्या आणि दिवा नसला की नुसत्या सांगायच्या. एकीने सांगायची, दुसरीने पुढच्या भेटीत तीच गोष्ट परत सांगायची. तिला जे आठवलं नाही ते लिहिणारीने भांडून परत मिळवायचं, नाहीतर सोडून द्यायचं. स्वतःचं काही घालायचं नाही. कौतुक करायचं नाही.

“गुलालईला कधी काही आठवत नसे,” तुम्ही सांगायचात. “पण दुसरी चुकली की झोपेतून उठून सांगायची.”

गुलालई आधीच पेशावरला निघून गेली. मग तालिबान आले, शाळा बंद झाल्या, घरांच्या झडत्या सुरू झाल्या. बाईने लिहिलेलं काही घरात सापडणं म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या जिवाशी खेळ. तुम्ही आणि हबीबाने तंदूर पेटवला. पण स्वतःचं लिहिलेलं आगीत टाकायला दोघींचाही हात पुढे होईना. तेव्हा तुम्ही तिचे कागद टाकलेत आणि तिने तुमचे. त्याआधी बसून एकमेकींचं सगळं तोंडपाठ केलेलं होतं.

“तिच्या गोष्टी माझ्याकडे, माझ्या तिच्याकडे,” तुम्ही म्हणालात. जसं काही मुलांचे स्वेटर शेजारणीकडे राहिले आहेत.

तुम्हाला बाहेर पडता आलं, आधी पेशावरला, मग इकडे. हबीबाला आलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूला टाकून ती येणार कशी? म्हणून तिच्या गोष्टी तुम्ही ओसाकाला घेऊन आलात आणि तुमच्या काबूलला राहिल्या.

तुम्ही मला हबीबाच्या गोष्टी सांगायला लागलात. उर्दूत, वाक्यावाक्याला थांबून. पुढच्या भेटीत मी परत सांगायची. हे मला झेपेल असं तुम्हाला का वाटलं, ते मी विचारलं नाही. उलट तुम्ही विचार बदलाल या भीतीने भांडी घासताना, मुलीला शाळेत सोडताना मी ओठांतल्या ओठांत गोष्ट घोळवायचे. माझी मुग्धा चिडून म्हणायची, “आई, यामेते!” पुरे कर. तिला वाटायचं मी स्वतःशीच बोलते.

त्यातली दारांची गोष्ट सगळ्यांत अवघड गेली. एक मास्तरीण, घरात एकटी. बर्फाचे दिवस, जळण संपलेलं. गल्लीतल्या सगळ्यांनी अंगणातली झाडं तोडली, ती तोडत नाही. आधी फळ्या जाळते, मग कपाट, मग घरातली दारं एकेक करून. शेवटी बाहेरचं दार. त्या दाराच्या आगीवर ती रोटी भाजते. तेवढ्यात बंदूकवाले येतात, ठोठावायला हात उचलतात, तर ठोठावायला दारच नाही. ते गोंधळून गल्लीत उभे राहतात आणि हाका मारतात. ती ओ देत नाही, रोटी खात बसते. मग ते आत येतात. आत काय झालं ते हबीबा सांगत नाही. शेवटी फक्त दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे, बर्फ आहे, आणि अंगणात झाड उभं आहे. त्याच्या टोकाला एकच फळ आहे, पाखरांसाठी ठेवलेलं.

मी पहिल्यांदा परत सांगितली तेव्हा त्या बाईने पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकलं आणि पाण्याचा हात फिरवून उलटलं. तुम्ही चहाचा पेला खाली ठेवलात.

“हे काय केलं तिने?”

“रोटी.”

“ही रोटी? काबूलमध्ये तवा कुठून आला? पाणी कशाला लावते ती?”

माझ्या बाईने भाकरी केली होती आणि मला पत्ताच नव्हता. तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मग एकदम कडक झालात. “तंदूर, सुनंदाजान. तंदूर. ही तुझी आई नाही, हबीबाची बाई आहे.”

त्याच वेळी मी आणखी एक केलं होतं. हाका मारून बंदूकवाले निघून गेले, असं सांगितलं होतं. त्यावर तुम्ही हसला नाहीत.

“ते गेले नाहीत.”

“पण आपा, गेले असते तर काय बिघडलं असतं?”

“हबीबाने त्यांना घालवलं नाही. तू कोण घालवणारी? तुला सगळं गोड लागतं.”

मला राग आला. म्हणून शेवटच्या त्या एका फळासाठी मी मनातल्या मनात हबीबाचे आभार मानले. निदान तिने तरी ऐकणाऱ्याला एवढं ठेवलं होतं.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते तसंच राहिलं. मी म्हणायचे, लिहून काढा. इथे कोण झडती घेतंय? मी वह्या आणते, मी लिहून घेते. आमच्या घरात कागद म्हणजे देव, आपा. माझ्या बी.ए.च्या सर्टिफिकेटला वडिलांनी काच लावून घेतली आणि रोज उदबत्ती ओवाळली. कागदाने आम्हाला माणसांत आणलं. आणि तुम्ही म्हणायचात, “मी कागद जळताना पाहिलाय. त्याला वेळ लागत नाही.” हबीबा सांगेपर्यंत कागदावर नाही, असं तुमचं ठरलेलं होतं.

आणि मी म्हणायचे, तुमची स्वतःची एक तरी गोष्ट सांगा. एकच.

“माझ्या हबीबाकडे आहेत.”

“पण तुम्हाला आठवत असतीलच की!”

“आठवायला लागले की तिच्या विसरते. डोकं एकच आहे, बाई.” मग खिडकीकडे बघत म्हणालात, “ती तिकडे माझ्या गोष्टी डोक्यात घेऊन बाजारात जाते. त्या डोक्यात आहेत म्हणूनच कुणाला दिसत नाहीत. मी इथे पंख्याच्या हीटरशी बसून माझंच आठवू?”

पण आज मी इतकं तरी म्हणेन, की तुम्ही चुकलात. गेल्या शरद ऋतूपासून हबीबाचा निरोप नाही. काबूलहून पेशावरला येणाऱ्या कुणालाच तिचं काही माहीत नाही. ती नसेल तर तुम्ही लिहिलेलं एक अक्षरसुद्धा जगात नाही. वर्गात उभं राहून “काम” म्हणालेल्या बाईचं काहीही नाही. मी हे तोंडावर म्हणायला हवं होतं. तुम्ही रागावला असतात. रागावून का होईना, कदाचित सांगितली असती.

जानेवारीत तुमच्या छातीत कफ भरला. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले. त्यांचं बोलणं करीमसाहेबांना मी उलगडून सांगत होते आणि मधले काही शब्द गाळत होते. तुम्हाला ते कळत असावं. दुपारी मी एकटी असताना तुम्ही म्हणालात, “सांग.” मी दारांची गोष्ट सांगायला घेतली. रोटीपाशी आले तशी तुमची तर्जनी चादरीवरून वर उठली. “तंदूर,” मी घाईने म्हणाले. बोट खाली गेलं. बंदूकवाले आत आले. सकाळ झाली. झाड, बर्फ, टोकाचं फळ. तुमचे डोळे मिटलेले होते. बोट उठलं नाही. मी पास झाले असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या खोलीतसुद्धा मला आनंद झाला.

कोबेच्या ओळखीच्या लोकांनी तिकडच्या डोंगरावर दफनाला जागा मिळवून दिली. पुरुष तुम्हाला घेऊन गेले, मी घरी थांबले. अशा वेळी बायकांनी घर भरतं, तुम्ही सांगितलं होतंत. इथे मी एकटीच. मोरितासान जिन्याच्या तळाशी काळे कपडे घालून उभ्या होत्या. वर यावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. मी हात धरून आणलं. तुमच्या खुर्चीकडे वाकून त्या फक्त “ताहिरासान” म्हणाल्या. मग आम्ही दोघी खिडकीशी बसून राहिलो. झाडाच्या टोकाला काही नव्हतं. ते फळ कधी गेलं ते दोघींनीही पाहिलं नव्हतं.

करीमसाहेब परत आल्यावर मी विचारलं, तुमची एखादी गोष्ट त्यांना माहीत आहे का. “ती लिहायची तेव्हा मी थकून झोपलेला असायचो,” ते म्हणाले.

आता रविवार.

तुमच्याबरोबर मी कितीदा स्टेशनबाहेरच्या त्या परदेशी बोलता येणाऱ्या राखाडी फोनपाशी उभी राहिले आहे. पलीकडे पेशावरच्या औषधांच्या दुकानातला फोन, आणि त्याच्याशेजारी ठरल्या वेळी येऊन बसलेली गुलालई. तुमची सुरुवात नेहमीची. ती फारसीत म्हणायची, “अजून जिवंत आहेस?” तुम्ही म्हणायचात, “तुझ्याआधी नाही जाणार.” आणि मला त्याचा अर्थ सांगून वर हसायचात.

मी कार्ड घातलं, नंबर लावला. पलीकडून लगेच उचललं. आणि मी तोंड उघडायच्या आत गुलालईने तेच विचारलं.

मला फारसीचं तेवढं एकच वाक्य कळतं, आपा. तेच निघालं.

तिने परत विचारलं, या वेळी हसत. मग हसणं थांबलं. मी उर्दूत म्हणाले, “मी सुनंदा.” एवढ्यावर तिला समजलं. मागे दुकानात गिऱ्हाइकं बोलत होती.

“सांग,” ती म्हणाली.

मी तुमच्या आजारपणाचं सांगायला लागले.

“ते नको. ती तुला काय सांगत होती ते सांग.”

मग त्या उघड्या फोनपाशी, मागून गाड्या जात असताना, मी दारांची गोष्ट सांगितली. ती मधे एकदाही बोलली नाही. तंदूर बरोबर आला. बंदूकवाले आत आले. सकाळ झाली. झाडाच्या टोकाचं फळ मी सांगितलं आणि ती म्हणाली, “थांब. कसलं फळ?”

“पाखरांसाठी ठेवलेलं.”

“हबीबाच्या अंगणात तुती आहे, मुली. ती तुती मी पाहिलीय, तिच्याखाली बसलेय. बर्फात तुतीवर काही नसतं. ‘झाड उभं होतं,’ इथे हबीबा थांबते. झाडावर काही नाही, पाखरू नाही. म्हणून तर आम्ही तिच्याशी भांडलो होतो. ताहिराला तो शेवट सोसत नव्हता.”

मी ते अंगण डोळ्यांसमोर आणायला गेले तर मला काबूल दिसेना. मला तुमची वाफेची खिडकी दिसली, आणि बाहेर मोरितासानचं झाड. मी गुलालईला त्या झाडाचं सांगितलं. मोरितासान वरचं फळ का ठेवतात ते सांगितलं.



“भाकरीवरून तुला ओरडली होती ना?” तिने विचारलं. ते तुम्हीच तिला सांगितलेलं असणार.

“हो.”

“आणि स्वतः?” तिचा आवाज फुटला. ती हसत होती की रडत होती मला सांगता येणार नाही. “सगळ्यांत कडक तीच होती. मी एक शब्द बदलला तर आठवडाभर बोलायची नाही माझ्याशी.”

तुम्ही ते जाणून घातलं होतंत का, आपा? की माझ्या भाकरीसारखं तुमच्याही नकळत आत आलं? दवाखान्यात तुमचं बोट उठलं नाही, ते तुम्हाला कळलं नाही म्हणून, की कळलं आणि तुम्ही राहू दिलंत म्हणून? हे आता कुणाला विचारू? एवढंच कळतं, की तुमचं स्वतःचं म्हणून माझ्यापाशी एकच वाक्य आहे, आणि ते हबीबाच्या गोष्टीत लपून आलं.

मी गुलालईला विचारलं, “फळ काढू का?”

“काढ,” ती म्हणाली. जराही थांबली नाही. “गोष्ट हबीबाची आहे. तुती कर. झाड रिकामं कर.”

मग तिने विचारलं, तुझी भाषा कुठली. मी म्हणाले मराठी. “त्यात लिहून ठेव. कागदावर. आता तोंडावर भरवसा नाही.” मी म्हणाले, पण ताहिरा आपांनी… ती म्हणाली, “ताहिराशी मी बोलून घेईन. आणि मराठी वाचायला तालिबानला आधी तुझ्या गावी येऊन शाळेत बसावं लागेल.” त्यावर मी हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

आपलं भांडण असं मिटलं, आपा. मी जिंकले म्हणावं तर तुम्ही समोर नाही. घरी येऊन मी गोष्ट लिहून काढली आहे. त्यातलं झाड तुतीचं आहे, आणि त्यावर काही नाही. हबीबाला कधी वाचून दाखवता आली, तर तिला भांडायला जागा राहणार नाही. आणि तिच्याकडे तुमच्या गोष्टी अजून असल्या, तर त्या ऐकायला मी बसलेली असेन. कितीही दिवस लागू देत.

पण फोन तिथे संपला नव्हता. मी ठेवते म्हणाले तशी गुलालई घाईने म्हणाली, “कार्ड शिल्लक आहे?”

“आहे थोडं.”

“मग लिहायच्या आधी एकदा सांग. मला एकटीला.”

“तुतीची?”

“नाही,” ती म्हणाली. “फळासकट.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि पहिल्या दारापासून सुरुवात केली.